पोकेमॉनची पानं ट्रम्प कार्डासारखी खेळू नका: बेळगावातल्या नवख्यांसाठी पहिला डाव

बेळगावात पोकेमॉनची पानं असलेली मुलं भरपूर आहेत, पण त्या पानांचा खरा खेळ खेळणारी फार थोडी. शहापूर असो, टिळकवाडी असो, नाहीतर खानापुरातला एखादा कट्टा असो, सुट्टीत दिसतं ते सारखंच. दोघं समोरासमोर बसलेले, रबर लावलेला जाड गठ्ठा मांडीवर, आणि "माझा एचपी तीनशे तीस आहे की रे, काढ तुझं पान!" हा झाला डब्ल्यूडब्ल्यूईच्या नाहीतर क्रिकेटच्या ट्रम्प कार्डांचा खेळ. मोठा आकडा दाखवायचा आणि समोरच्याचं पान खिशात घालायचं. त्यात मजा नाही असं नाही, पण या पानांचा मूळ खेळ तो नव्हे.

तो तीनशे तीसवालाच घ्या. २०२३ साली आलेल्या ऑब्सिडियन फ्लेम्स या संचातला चारिझार्ड ईएक्स. एचपी (किती मार सोसतो तो आकडा) ३३०, हल्ला १८०चा, समोरच्यानं मिळवलेल्या प्रत्येक बक्षिसामागे (बक्षिसांचं पुढे येईलच) आणखी ३०. पान जबरदस्त आहे. पण ते ‘स्टेज २’चं, म्हणजे दुसऱ्या पायरीचं असल्यामुळे हातात नुसतं ते पान असून उपयोग शून्य. आधी टेबलावर ७० एचपीचा छोटासा चारमँडर उतरवावा लागतो, तो एक पाळी जगावा लागतो, आणि मग कुठे चारिझार्ड येतो. समोरचा हुशार असेल तर तो चारमँडरलाच गाठतो. हा खेळ सगळा त्या चारमँडरला जगवण्याचा आहे. एवढं डोक्यात बसलं की पुढचे नियम सोपे जातात.

हा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६मध्ये आला आणि १९९९मध्ये इंग्रजीत. नियम अधूनमधून बदलत आलेत, त्यामुळे थोरल्या दादाला आठवतात ते नियम आणि आजचे नियम यांत फरक निघेल. खाली लिहिलंय ते आत्ताच्या पद्धतीनं.

काय घ्यायचं आणि काय नाही

बूस्टर पाकिटं घेऊन सुरुवात करू नका. नेहमीच्या इंग्रजी बूस्टरमध्ये १० खेळायची पानं असतात, त्यांत काय निघेल ते नशिबावर. वीस पाकिटं फोडली तरी चारमँडर एकीकडे, चारिझार्ड भलत्याच जातीचा, अशी गत होते. जमवायची हौस असेल तर पाकिटं फोडा, पण खेळायला शिकायचं असेल तर तयार डेक, म्हणजे जुळवलेला साठ पानांचा गठ्ठा घ्या. दोघांत दोन तयार डेक असले की पहिले सहा महिने निघून जातात.

त्यातही घरी कुणालाच खेळ येत नसेल तर ‘बॅटल अकॅडमी’ नावाचा खोका सगळ्यांत बरा. त्यात दोघांसाठी घडीचा बोर्ड, साठ-साठ पानांचे तीन तयार डेक, एक नाणं, जखम मोजायच्या चकत्या आणि पहिल्या डावाला हात धरून नेणारी पुस्तिका असते. कुठलं पान कुठे ठेवायचं ते बोर्डावरच छापलेलं आहे. सापशिडी, ल्युडो खेळणाऱ्या घरात हा खोका लगेच रुळतो. आजी "दिवसभर पत्ते कुटत बसलायत" म्हणणार असेल तर बोर्ड पसरलेला बरा, निदान पत्ते वाटत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं. पुणे-बेंगळुरूकडे नातेवाईक असतील तर त्यांना सांगून दुकानातून आणवा.

सोनेरी पाकिटांबद्दल

बाजारात, जत्रेत, यात्रेत सोनेरी प्लॅस्टिकच्या पानांचे खोके मिळतात. पन्नास-पंचावन्न पानं, सगळी चकचकीत, किंमत अगदी थोडी. ती खोटी असतात. नकली म्हणजे खेळताच येत नाहीत असं नव्हे, पण आकडे वाट्टेल ते छापलेले असतात, खर्च एका रंगाचा तर चिन्ह दुसऱ्याचं, आणि डाव अर्ध्यात अडकतो. शिवाय साठ पानांच्या डेकला लागणारी एनर्जीची पानं त्यात धड नसतातच.

ओळखायला सोपं आहे. खऱ्या पानावर हजार एचपी कधीच नसतो, आणि एचपीचा आकडा नेहमी दहाच्या पटीत असतो. पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ई’ अक्षरावर छोटी तिरकी रेघ असते, नकली पानांवर ती पुष्कळदा गायब. मागची निळी बाजू खऱ्या पानाशेजारी ठेवून पाहा, रंग फिका नाहीतर जांभळट निघतो. कागद पातळ आणि मेणचट लागतो. मुलानं हौसेनं आणलेला खोका फेकून देऊ नका, वहीत चिकटवायला चांगला. फक्त खरी आणि खोटी पानं एका डेकमध्ये मिसळू नका, कारण जाडीतल्या फरकानं पिसताना पान ओळखू येतं.

पान वाचायचं कसं

पानं तीन प्रकारची: पोकेमॉन, ट्रेनर आणि एनर्जी.

पोकेमॉनच्या पानावर वर नाव, उजव्या कोपऱ्यात एचपी आणि जातीचं चिन्ह. डावीकडे वर ‘बेसिक’, ‘स्टेज १’ की ‘स्टेज २’ ते लिहिलेलं असतं. नवख्यानं पान हातात आलं की आधी ते वाचावं, एचपी नंतर. बेसिक थेट टेबलावर उतरतो. स्टेज १ त्याच्या बेसिकवरच ठेवता येतो, स्टेज २ त्या स्टेज १वर. चारमँडर, त्यावर चारमिलियन, त्यावर चारिझार्ड.

मध्ये हल्ले. हल्ल्याच्या डावीकडे चिन्हं असतात तो खर्च, म्हणजे तेवढी एनर्जी त्या पोकेमॉनला जोडलेली हवी. पांढऱ्या चांदणीचं चिन्ह असेल तर कुठलीही एनर्जी चालते. हल्ला केल्यावर एनर्जी काढून टाकायची नसते, ती तिथेच राहते. पानावर ‘टाकून द्या’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच टाकायची. इथे निम्मी मुलं चुकतात.

खालच्या पट्टीत तीन गोष्टी: वीकनेस, रेझिस्टन्स आणि रिट्रीटचा खर्च. त्यांचा हिशोब पुढे येतोच.

बेसिक एनर्जी आठ प्रकारची: गवत, आग, पाणी, वीज, सायकिक, फायटिंग, अंधार आणि धातू. ट्रेनर पानांत आयटम, सपोर्टर, स्टेडियम आणि टूल. आयटम एका पाळीत कितीही खेळा, सपोर्टर एकच, स्टेडियमही एकच. टूल पोकेमॉनला जोडायचं, एकाला एकच.

मांडणी

बोर्ड नसला तरी अडत नाही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं चौकोन आखा. एक पान ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ उंच, तेव्हा चौकोन सात बाय साडेनऊ सेंटिमीटरचे काढले की ऐसपैस होतात. मध्ये समोरच्याच्या बाजूला एक चौकोन, तो ॲक्टिव्ह, म्हणजे लढणाऱ्या पोकेमॉनचा. त्याच्या खाली आपल्याकडे पाच चौकोनांची ओळ, तो बेंच, म्हणजे राखीव पोकेमॉनांची जागा. डावीकडे सहा बक्षिसं, उजवीकडे डेक, डेकच्या खाली टाकलेल्या पानांची जागा.

छापा-काटा करा. जिंकेल त्यानं आधी खेळायचं की नंतर ते ठरवावं. दोघांनी आपापला कॅट पिसावा, समोरच्याला काटायला द्यावा, आणि सात-सात पानं उचलावीत. हातात एकतरी बेसिक पोकेमॉन हवाच. नसेल तर हात समोरच्याला दाखवायचा, पुन्हा पिसायचं, पुन्हा सात उचलायची, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला हवं असल्यास एक जादा पान घेता येतं. एक बेसिक पालथा ॲक्टिव्हच्या जागी ठेवा, आणखी असतील तर बेंचवर पालथे. मग डेकच्या वरची सहा पानं न बघता बक्षिसं म्हणून बाजूला. आता दोघांनी आपापले पोकेमॉन सुलटे करावेत.

समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपण आपल्याच सहामधलं एक बक्षीस उचलून हातात घ्यायचं. नाव बक्षीस असलं तरी ती आपलीच पानं आहेत. साधा पोकेमॉन बाद झाला तर एक, नावापुढे ईएक्स असलेला बाद झाला तर दोन, मेगा ईएक्स असेल तर तीन. आपली सहाही संपली की डाव जिंकला. दुसरे दोन मार्गही आहेत. समोरच्याकडे टेबलावर एकही पोकेमॉन उरला नाही तर आपण जिंकतो, आणि पाळी सुरू करताना त्याला उचलायला डेकमध्ये पान नसेल तरीही. पहिल्या आठवड्यात डाव बहुतेक ‘टेबलावर कोणीच उरलं नाही’ याच मार्गानं संपतात, कारण नवखे बेंच रिकामा ठेवतात. बेसिक हातात असेल तर खाली उतरवा, निदान दोन-तीन तरी.

एक पाळी

पाळी सुरू झाली की एक पान उचला. हे विसरलं जातं, म्हणून उचलताना तोंडानं ‘उचललं’ म्हणायची सवय लावा. मग पुढच्या गोष्टी कुठल्याही क्रमानं करता येतात: बेंचवर बेसिक उतरवणं, पोकेमॉन वाढवणं (म्हणजे त्यावर पुढच्या स्टेजचं पान ठेवणं), एकच एनर्जी जोडणं, आयटम खेळणं, एक सपोर्टर खेळणं, ॲबिलिटी (पानावर लिहिलेली, हल्ल्याखेरीजची खास ताकद) वापरणं, एकदा रिट्रीट करणं. शेवटी हल्ला. हल्ला झाला की पाळी संपली, त्यानंतर हातात कितीही चांगलं पान असलं तरी खेळता येत नाही.

बंधनं तीन लक्षात ठेवा. जो आधी खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. कुणालाच आपल्या पहिल्या पाळीत पोकेमॉन वाढवता येत नाही. आणि ज्या पाळीत एखादा उतरवला, त्याच पाळीत त्याला वाढवता येत नाही. म्हणूनच चारमँडरला एक पाळी जगावं लागतं असं वर म्हटलं. ‘रेअर कँडी’ नावाचा आयटम असेल तर बेसिकवरून मधली पायरी गाळून थेट स्टेज २ ठेवता येतो, पण एक पाळी थांबण्याचा नियम तिलाही लागू.

रिट्रीट म्हणजे ॲक्टिव्हला बेंचवर नेऊन दुसऱ्याला पुढे आणणं. पानावर जेवढा खर्च लिहिला असेल तेवढी एनर्जी त्याच्यावरून काढून टाकावी लागते. ही एनर्जी मात्र खरोखर जाते. ‘स्विच’ नावाचा आयटम असेल तर फुकटात बदली होते, म्हणून डेकमध्ये दोन-तीन स्विच असलेले चांगले.

पाळी संपली की तसं सांगा. कुणी ‘पास’ म्हणतं, कन्नड बोलणारा सवंगडी ‘आयतु’ म्हणतो, काहीही चालेल, पण मोठ्यानं म्हणा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि मग "काय करालास रे, तुझीच पाळी आहे की!" सुरू होतं.

हल्ल्याचा हिशोब

हल्ल्यावर लिहिलेला आकडा घ्या. समोरच्या ॲक्टिव्हच्या वीकनेसमध्ये आपल्या पोकेमॉनची जात असेल तर आकडा दुप्पट करा. रेझिस्टन्समध्ये असेल तर ३० वजा करा. नेहमी याच क्रमानं. बेंचवरच्या पोकेमॉनला मार बसला तर वीकनेस-रेझिस्टन्स काहीच धरायचं नाही.

समजा आपल्या पिकाचूचा हल्ला ४०चा आहे आणि समोर १२० एचपीचा पाण्याच्या जातीचा पोकेमॉन आहे, ज्याला विजेची वीकनेस आहे. ४०चे झाले ८०. आता त्याच्यावर आठ जखमा ठेवायच्या, एक जखम म्हणजे १०. प्लॅस्टिकच्या चकत्या नसतील तर चिंचोके घ्या. चपटे असल्यामुळे पानावरून घरंगळत नाहीत, आणि एका बाजूनं घासलेला चिंचोका पन्नासचा धरला की आठ मांडण्याऐवजी एक घासलेला आणि तीन साधे ठेवून भागतं. पुढच्या पाळीत आणखी एक ४०चा हल्ला बसला की तो बाद. पोकेमॉन बाद झाला की त्याच्याखालची सगळी पानं आणि जोडलेली एनर्जीही त्याच्याबरोबर टाकून द्यायची.

पोकेमॉन वाढला तरी जखमा तशाच राहतात. ७० एचपीच्या चारमँडरवर सहा जखमा, म्हणजे ६० असल्या आणि तो चारिझार्ड झाला तर ३३०पैकी २७० उरले. म्हणून जखमी छोट्याला वेळेत वाढवणं ही एक चांगली सुटका.

पाच दुखणी, थोडक्यात

काही हल्ल्यांनी समोरच्या ॲक्टिव्हला दुखणं जडतं: झोप, भाजणं, गोंधळ, लकवा किंवा विष. झोपलेल्याचं पान डावीकडे आडवं, लकवा झालेल्याचं उजवीकडे आडवं, गोंधळलेल्याचं उलटं फिरवतात. या तिघांपैकी एकच एका वेळी राहतं, नवं आलं की जुनं जातं. भाजणं आणि विष वेगळं, त्यांच्यासाठी पानावर शर्टाचं बटण ठेवा.

झोपलेला हल्ला करत नाही, रिट्रीटही नाही. पाळी संपल्यावर नाणं उडवा, छापा पडला तर जागा. लकव्यातही तेच दोन्ही बंद, पण मालकाची पुढची पाळी संपली की आपोआप बरा. गोंधळलेल्यानं हल्ला करण्याआधी नाणं उडवायचं, काटा पडला तर हल्ला फुकट आणि स्वतःलाच तीन जखमा. विषाला प्रत्येक पाळीनंतर १०, भाजल्याला २० आणि मग नाणं, छापा पडला तर बरा. पोकेमॉन बेंचवर गेला किंवा वाढला की सगळी दुखणी जातात.

एनर्जी कुणाला द्यायची

खरा खेळ इथे आहे. पाळीला एकच एनर्जी जोडता येते, म्हणजे डावभरात साधारण आठ-दहा. त्या कुठे जातात त्यावर डाव ठरतो.

नवखा खेळाडू सगळी एनर्जी पुढे उभ्या असलेल्या ॲक्टिव्ह पोकेमॉनलाच देतो. समोरचा तीन पाळ्या मार देतो, पुढचा बाद होतो, त्याच्याबरोबर तीन एनर्जी जातात, आणि बेंचवरून जो पुढे येतो त्याच्याकडे काहीच नसतं. तो नुसता मार खायला उभा. मग तोही जातो. डाव पाच मिनिटांत संपतो आणि "त्याचं कार्डच भारी होतं" असं कारण दिलं जातं.

त्याऐवजी पुढे उभा आहे तो आणखी किती पाळ्या टिकेल ते मोजा. समोरच्याच्या हल्ल्याचा आकडा टेबलावर उघडाच आहे. पुढचा येत्या पाळीत जाणार हे दिसत असेल तर त्याला नवी एनर्जी देऊ नका, बेंचवरच्याला द्या. शेतकरी वाहत्या ओघळाच्या तोंडाशी बी टाकत नाही, तसंच हे. याला अपवाद एकच. ती एक एनर्जी दिल्यावर याच पाळीत समोरचा बाद होत असेल, तर खुशाल द्या.

चारिझार्ड ईएक्स इतका गाजला तो नुसत्या ३३०मुळे नव्हे. तो हातातून ठेवून पोकेमॉन वाढवला की डेकमधून तीन आगीच्या बेसिक एनर्जी शोधून आपल्या पोकेमॉनांना हव्या तशा जोडता येतात. पाळीला एक हा नियमच तो ओलांडतो. त्याच्या हल्ल्याला आगीच्या दोन एनर्जी लागतात, म्हणजे आला त्याच पाळीत मारतो आणि तिसरी एनर्जी बेंचवरच्या दुसऱ्या चारमँडरला देऊन ठेवता येते. गंमत अशी की एनर्जी आगीची असली तरी या पानाची जात अंधाराची आहे, त्यामुळे समोरच्याची वीकनेस बघताना आग शोधू नका, अंधार शोधा. समोरच्यानं चार बक्षिसं उचलली असतील तर याचा हल्ला १८० अधिक १२०, म्हणजे ३००चा. हरत आलेल्या हातात हे पान जास्त जोर धरतं.

आणि त्याला हरवायचं कसं? एक तर गवताच्या जातीनं, ती त्याची वीकनेस आहे. दुसरं, ‘बॉसेस ऑर्डर्स’ हा सपोर्टर. हा खेळला की समोरच्याच्या बेंचवरचा आपल्याला हवा तो पोकेमॉन पुढे खेचता येतो. तिथे चारमँडर दबा धरून बसला असेल तर त्याला पुढे आणा आणि ७०चा हिशोब मिटवा. चारिझार्ड हातातच राहतो.

स्वतःचा डेक बांधताना

तयार डेकचा पुरता कंटाळा येईपर्यंत याकडे वळू नका. डेक बरोबर ६० पानांचा, एकही कमी-जास्त नाही. एकाच नावाची जास्तीत जास्त चार पानं, फक्त बेसिक एनर्जी हवी तेवढी.

सुरुवातीला पंधरा-अठरा पोकेमॉन, दहा-बारा एनर्जी आणि उरलेले तीस-पस्तीस ट्रेनर असं धरा. मुलांना ट्रेनर नको असतात, त्यांना चित्रं हवी असतात, म्हणून ती पंचवीस पोकेमॉन आणि पंचवीस एनर्जी घालतात. मग हातात सातच्या सात एनर्जी. ट्रेनर पानं चित्राला साधी असली तरी हवं ते पान हातात आणून देतात तीच. ‘प्रोफेसर्स रिसर्च’नं हात टाकून नवी सात पानं मिळतात. ‘नेस्ट बॉल’नं डेकमधला बेसिक थेट बेंचवर येतो. ‘अल्ट्रा बॉल’ला हातातली दोन पानं टाकावी लागतात, पण कुठलाही पोकेमॉन हातात येतो.

बेसिक किती ठेवायचे याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. साठ पानांत ८ बेसिक असतील तर पहिल्या सात पानांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या एका डावात हात दाखवून पुन्हा पिसायचं आणि समोरच्याला जादा पान द्यायचं. १२ बेसिक ठेवले की तीच शक्यता १९ टक्क्यांवर येते.

एकाच डेकमध्ये दोनपेक्षा जास्त जातींची एनर्जी घालू नका. पहिला डेक एकाच जातीचा असला तर उत्तमच.

पावसाळा आणि तुपकट हात

बेळगाव-खानापूरच्या पावसात चकचकीत पानं वाकतात. हवेतला ओलावा कागद शोषतो आणि फॉइल शोषत नाही, म्हणून पान पन्हाळीसारखं होतं. वाकलेलं पान डेकमध्ये पालथं असलं तरी ओळखू येतं, आणि मग भांडण. सगळ्या साठ पानांना एकाच रंगाचे स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोळी घाला, डेक झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आणि बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या त्या छोट्या सिलिका पुड्या फेकून न देता डब्यात टाका. पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा वर-खाली ठेवून रबर लावलं तर पानं सपाट राहतात. उघड्या पानांना मात्र रबर लावू नका, कडा दुमडतात.

कुंदा खाऊन झाल्यावर हात धुवा. यावर जास्त काही लिहायची गरज नाही.

अदलाबदल करताना मोठ्या मुलानं धाकट्याकडून चांगलं पान चार चकचकीत पानांवर उपटणं हा प्रकार सगळीकडे चालतो. घरात एक नियम करा: अदलाबदल झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत दोघांपैकी कुणालाही मोडता येते. आणि हरलेल्याचं पान जिंकलेल्यानं ठेवायचं, हे गोट्यांचं झालं, इथे आणू नका. पानं जात राहिली तर धाकटी पोरं खेळायचीच थांबतात.

जोडीदार नसेल तर

‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे फुकट ॲप फोनवर आणि संगणकावर चालतं. त्यात हाच साठ पानांचा खेळ आहे, तयार डेक मिळतात, आणि नियम ॲप स्वतःच सांभाळतं. बेकायदा चाल करूच देत नाही, त्यामुळे शंका आली की तिथे करून पाहायची. खऱ्या पाकिटांतून निघणारी कोडची चिठ्ठीही तिथे वापरता येते.

ऑक्टोबर २०२४मध्ये आलेलं ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ मात्र निराळं. त्यात डेक २० पानांचा, बेंच तिघांचा, एनर्जीची पानंच नाहीत, आणि तीन गुण झाले की डाव संपतो. चहा होईपर्यंत एक डाव होतो, छान आहे, पण त्यावर शिकलेला मुलगा टेबलावर बसला की गडबडतो. आधी लाइव्ह, मग हवं तर पॉकेट.

माणसं मिळवायची तर वर्गातल्या एकाला शिकवा आणि तयार डेकांपैकी दुसरा त्याला वापरायला द्या. समोरच्याला विकत घ्यायला लावलंत तर तो येणार नाही. पानं इंग्रजीत असल्यामुळे मराठी, कन्नड, उर्दू कुठल्याही शाळेतलं पोर एका टेबलावर बसू शकतं. चौथी-पाचवीच्या मुलाला इंग्रजी अडत असेल तर पहिले काही डाव दोघांनी हात उघडे ठेवून खेळावेत आणि मोठ्या कुणीतरी पान वाचून दाखवावं.

पुढे मोठ्या शहरात अधिकृत स्पर्धेला जायचं झालं, तर तिथे वयानुसार तीन गट असतात, ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स. निघण्याआधी प्रत्येक पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं इंग्रजी अक्षर बघा. दरवर्षी जुन्या अक्षराची पानं स्टँडर्ड या स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारातून बाद होतात, आणि कुठली अक्षरं चालू आहेत ते पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेलं असतं. घरच्या टेबलावर मात्र कुठलंही अक्षर चालतं.